बाबल शिंकायचा, तरी तो अनडेड

बाबल अनडेड आहे. विषय संपला.

सकाळपासून कॉमिकच्या फॅन ग्रुपवर पुन्हा तेच सुरू झालंय, म्हणून एकदाच लिहितोय. नंतर मला टॅग करू नका. डोकं उठलंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बाबल हे पश्याच्या वेबकॉमिकमधलं पात्र. भांडुपच्या एका बिल्डिंगच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे राहणारा राखणदार, कोकणात गावाची राखण करतो म्हणतात तसला. हातात काठी, खांद्यावर घोंगडी. सावली पडत नाही, छातीत ठोके नाहीत, वय वाढत नाही.

आणि पश्या म्हणजे प्रसाद. माझा मित्र.
त्याला जाऊन आज वर्ष झालं.

रविवारी दुपारी आम्ही चारपाच जण पश्याच्या घरी टेबलटॉप गेम खेळायचो. फासे, नियमांचं जाडजूड पुस्तक आणि काकींचे, म्हणजे पश्याच्या आईचे घावणे. गेम मी चालवायचो, म्हणून मला सगळे मास्तर म्हणायचे.

एका रविवारी पश्या म्हणाला, "मी बाबल घेऊन खेळणार."

झालं. तिथून वाट लागली.

या गेममध्ये प्रत्येक पात्राचा प्रकार ठरवावा लागतो. माणूस, राक्षस, परीकुळातला, अनडेड वगैरे. अनडेड म्हणजे मेलेला, पण चालताफिरता. आणि आमच्या टेबलावरचा नियम असा की अनडेडवर हीलिंगचा मंत्र चालत नाही. कितीही मंत्र मारा, तो बरा होत नाही.

मी म्हटलं, "सावली नाही, ठोके नाहीत. अनडेड. लिही."

"अरे शिंकतो तो! मी चार पानं काढलीत त्याच्या सर्दीवर. अनडेड शिंकतो कधी?"

"तुझ्या चित्रातली चूक आहे ती."

"तुझ्या पुस्तकातली चूक आहे ती."

वर्षानुवर्षं हे चाललं. आमच्यातली केतकी मुलुंडहून यायची, आल्या आल्या विचारायची, "आज शिंक की सावली?" काकी आतून ओरडायच्या, "अरे तो राखणदार आसा! तेका भूत कित्याक म्हणतास?" त्यावर पश्या लगेच, "बघ, आई पण माझ्या बाजूने."

मी कधी माघार घेतली नाही. त्यानेही नाही. खरं तर तो वाद मिटावा असं कोणालाच वाटत नव्हतं.

मग पश्या आजारी पडला.

किमो सुरू झाली. केस गेले, चव गेली, मग पेन्सिल धरवेना. एक औषध लागू पडेना म्हणून दुसरं, ते नाही म्हणून तिसरं. प्रत्येकजण काहीतरी सुचवायचा. कोणाचा काढा, कोणाचा अंगारा, कोणाचे अमुक ठिकाणचे मोठे डॉक्टर.

एका संध्याकाळी हॉस्पिटलात भेटायला गेलो तर म्हणाला, "मास्तर, तुझंच खरं. अनडेड कर त्याला."

मला वाटलं मस्करी करतोय. "का रे? शिंकतो ना तो?"

"शिंकू दे. अनडेड केलंस की हीलिंग बंद. मग सांगता येतं ना सगळ्यांना, बाबांनो, नियमातच नाही, उगाच मंत्र मारत बसू नका. दमलो यार."

मला इतका राग आला. कोणाचा, ते आजही सांगता येणार नाही.

"गप. जिवंत आहे तो. शिंकतो म्हणजे जिवंत."

"माझंच मला शिकवतोस?" म्हणून हसला, आणि हसता हसता त्याला खोकला आला. नर्सने मला बाहेर काढलं.

पुढच्या आठवड्यात तो गेला.

दहाव्याला तलावाच्या घाटावर पिंड ठेवले. बाजूला वडापाव, कटिंग, त्याला आवडायचं ते सगळं. कावळे रेलिंगवर बसून होते. एकही खाली येईना.

पश्याचे मामा हात जोडून म्हणाले, "ताईची काळजी करू नको रे, मी आहे."
नाही.

केतकी म्हणाली, "तुझं कॉमिक मी इंटरनेटवरून हलू देणार नाही."
नाही.

ऊन चढलं. गुरुजी म्हणाले, दर्भाचा कावळा करून घेऊ, मागे दुसरी मंडळी थांबलीत. काकी मात्र हलेनात. "काय रवला रे तुझा, झिला?" एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होत्या.

मला माहीत होतं काय राहिलंय. आणि ते मला द्यायचं नव्हतं. दिलं की तो खरंच गेला.

पण काकी उन्हात तशाच उभ्या होत्या.

पुढे झालो आणि मोठ्याने म्हणालो, "पश्या, अनडेड. मास्तरचा निर्णय आहे. हीलिंग बंद. आता कोणी मंत्र मारणार नाही."

मामा दचकले. "काय बोलतोय हा?"

कावळा आला. आधी वडा उचलला, मग पिंडाला चोच लावली.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. योगायोग असेल. पण मी तिथेच खाली बसलो आणि ढसाढसा रडलो.

तर ग्रुपवाल्यांनो, "बाबलला रिव्हाइव करा," "दुसऱ्या आर्टिस्टकडून पुढचे भाग काढून घ्या," हे प्लीज बंद करा. तुमचं प्रेम कळतं. पण त्याला परत उठवू नका. राहू दे टाकीमागे.

आज वर्षश्राद्धाला गेलो होतो. जेवणं झाल्यावर काकींनी विचारलं, "तेव्हा घाटावर तू काय रे बोललंस? बाबल काय झालो?"

आता काकींना गेमचे नियम काय सांगणार.

म्हटलं, "काकी, म्हणजे आता त्याला काही दुखत नाही."

त्यांनी पदराने डोळे पुसले. म्हणाल्या, "मगे बरा झाला."

पश्या, वाद मी जिंकलो रे. अजिबात मजा आली नाही.

आराम कर.