पावसापर्यंतचा बोल

माळशेज घाट उतरताना एस.टी.च्या खिडकीतून आधी येतो तो वास. नगरकडची कोरडी हवा माथ्यावरच मागे राहते आणि एका वळणानंतर भाताच्या ताज्या पेंढ्याचा ओलसर, किंचित आंबूस गोडवा नाकाशी येऊन रेंगाळतो. दिवाळी सरली होती. टोकावड्याच्या पुढे दोन्ही अंगांना कापणी झालेली खाचरे पसरली होती आणि त्यांत जागोजागी उडव्या (भाताचे भारे रचून केलेले ढीग) उन्हात पाठ शेकत बसल्यासारख्या दिसत होत्या.

माझी मावसबहीण मार्था लग्नानंतर शहापूरला असते. तिचे यजमान डोळखांबकडच्या एका पाड्यावरील (डोंगरातील लहान वस्तीवरील) ख्रिस्ती मंडळीचे पाळक आहेत. आमच्या नगरच्या महिला मंडळात शास्त्रातील (बायबलमधील) करारांविषयी, म्हणजे देवाला साक्षी ठेवून दिलेल्या शब्दांविषयी, बोलण्याचे मी कबूल केले होते आणि बरेच दिवस त्याच पानांत बुडाले होते. धुराने वेढलेला पर्वत, दगडी पाट्या, कर्ण्यांचा नाद. सारे भव्य, आणि खरे सांगायचे तर मला परके. मार्था फोनवर म्हणाली होती, "पुस्तकं मिट आणि आमच्याकडचा बोलाचा रविवार बघायला ये."

सरळगावला गाडी बदलायची होती. थांब्याशी एक बाई पाटीत उकडलेले करांदे (रानातले कडसर कंद) घेऊन बसली होती. भुकेच्या भरात मी एक घेतला तो तसाच दातांखाली धरला. बाई हसू दाबत म्हणाली, "साल काढ गो आदी. तुमच्याकडं नाय काय करांदं?" नाहीत, असे मी कबूल केले. तिने मग दुसरा करांदा स्वतः सोलून माझ्या हातावर ठेवला. त्याचा कडूपणा जिभेवर विरता विरता मागे एक पिठूळ गोडी सोडून गेला. किन्हवलीकडे जाणारी गाडी काही आली नाही. शेवटी एका जीपमध्ये, कोंड्याच्या पोत्यांना टेकून, मी डोळखांबला पोहोचले तेव्हा माझी निळी साडी कमरेपासून खाली भुरकी झाली होती.

मार्था स्कूटर घेऊन आली होती. डांबरी रस्ता संपल्यावर आम्ही पायवाटेने चढलो. सागाची पाने सुकायला लागली होती; पाऊल पडले की पापड मोडल्यासारखी वाजत. वाटेत तिने मला बोलाच्या रविवाराचे कारण समजावले. भाताची झोडणी उरकली की पाड्यावरची कर्ती माणसे भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर कामाला जातात, ती पावसाच्या तोंडाशी परततात. मागे उरतात थोडी घरे आणि म्हातारी माणसे. म्हणून निघण्याच्या आधीच्या रविवारी सगळी मंडळी जमते आणि कोण कोणासाठी काय करणार ते प्रत्येकाने उभे राहून, दगडावर हात ठेवून, देवासमोर बोलायचे. ही रीत पाळकांनी आणलेली नव्हती. त्यांच्या आधीच्या पिढीपासून चालत आली होती.

माझा मुक्काम भागीआजींकडे होता. कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेली गार जमीन, चुलीच्या धुराने काळे चकचकीत झालेले वासे. आजींचे गुडघे धरलेले, पण जीभ चपळ. मी टेकते न टेकते तोच कुंपणापलीकडून एक आवाज चढला. शेजारची ठकीबाई आजींच्या कोंबडीला पंखांशी धरून उभी होती. तिच्या मेथीच्या वाफ्यातला कोवळा कोंब कोंबडीने उपटला होता. आजींनी कोंबडीची बाजू घेतली, ठकीबाईने कोंबडीच्या मालकिणीचे वळण काढले, आणि दोघींनी मिळून एकमेकींच्या माहेरापर्यंत मजल मारली. मार्था शांतपणे चहा गाळत होती. हे रोजचेच आहे, असे तिने मला डोळ्यांनीच सांगितले. ठकीबाई मंडळीतली नव्हती. गावदेवीला नारळ देणारे तिचे घर, आणि तिची माणसे भट्टीवर जात नसत.

जेवताना आजींच्या मुलाने, जानूने, घरातली खरी अडचण सांगितली. गेल्या वर्षी तो आईला सोबत भट्टीवर घेऊन गेला होता. ताडपत्रीच्या झोपडीत धूळ आणि धूर खाऊन तिची छाती इतकी भरली की ती वाचेल असे कोणाला वाटले नव्हते. यंदा तिला पाड्यावरच राहायचे होते. पण रात्री तिच्याजवळ झोपणारे कोणी मिळाले नाही, तर तिला एकटी टाकून जायला त्याचे मन धजत नव्हते. मार्था आणि पाळक शहापूरला राहणारे, आठवड्यातून एकदा येणारे. त्यांनी आपल्या घरी चला म्हटले, तर आजींनी मानेनेच नकार दिला. उद्या मंडळीत कोणी बोल दिला तर ठीक, नाहीतर सोमवारी सकाळी आजी भट्टीच्या टेम्पोत. त्यांची पत्र्याची पेटी भरून दाराशी ठेवलेली होती.

रविवारी पेंढ्याच्या मांडवाखाली सगळे जमले. मध्यभागी एक चपटा काळा दगड, अनेक तळहातांनी गुळगुळीत झालेला. ढोलकीवर गीते झाली, आणि पाळकांनी याकोब आणि त्याचा सासरा लाबान यांची गोष्ट सांगितली. वीस वर्षे एकमेकांना फसवत आलेले ते दोघे डोंगरावर समोरासमोर येतात. दगडांची रास रचतात. ही रास ओलांडून मी तुझे वाईट करायला येणार नाही, तूही येऊ नकोस, असे म्हणतात. आणि त्याच राशीवर बसून जेवतात. आपण एकमेकांना दिसणार नाही तेव्हा देवाने दोघांवर नजर ठेवावी, हे त्यांचे बोलणे मी लग्नपत्रिकांवर मायेचे वाक्य म्हणून छापलेले पाहिले आहे. दुसऱ्या दिवशी पांगणार असलेल्या माणसांत बसून ऐकताना त्यातली चिंता प्रथमच जाणवली. जिथे आपली नजर पोहोचणार नाही, तिथेच शब्दाला उभे करावे लागते.

मग बोल सुरू झाले. यंदा पाड्यावरच राहणारा एक तरुण उठला आणि दगडावर हात ठेवून ऐटीत म्हणाला की मागे राहणाऱ्या सगळ्यांचे मी बघीन. मागून एका बाईने विचारले, "सगल्यांचा म्हंजे कोनाचा? नि काय बघशील?" हशा पिकला. तो खाली बसला, थोड्या वेळाने पुन्हा उठला, आणि भट्टीवर निघालेल्या सोमाच्या आईचे दळण बाजाराच्या दिवशी गिरणीत नेऊन आणीन म्हणाला. तेव्हा सर्वांनी "आमेन" म्हटले. इथे मोठा बोल परत पाठवतात. करण्याजोगा तेवढाच घेतात. भट्टीवर जाणाऱ्या एका बाईने दुसरीच्या तान्ह्याला आपल्या सावलीत निजवीन असे सांगितले. तिचा शब्द एकेक वेगळा आणि स्पष्ट होता.

अखेर जानू उभा राहिला. आईसाठी कोण बोल देतो, एवढेच त्याने विचारले.

मागे राहणाऱ्यांतल्या प्रत्येकाच्या घरी आधीच एक आजारी किंवा एक तान्हे होते. मांडवातल्या पेंढ्यातून उन्हाचे कवडसे दगडावर सरकत होते. भागीआजींनी पदर नीट केला आणि जाण्याची तयारी असल्यासारखे दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"मी हाय ना," मांडवाबाहेरून आवाज आला. सूप हातात घेऊन ठकीबाई कुंपणाशी उभी होती. "मला कोन इचारतंय काय?"

कुजबुज उठली. एका वृद्ध गृहस्थांनी नम्रपणे, पण ठामपणे म्हटले की बाई चांगली आहे, मात्र दगडावर हात ठेवून देवाचे नाव घ्यावे लागते, आणि ती आपल्यातली नाही. पाळकांच्याही मनात तो प्रश्न होता, हे चेहऱ्यावर दिसत होते. मग ते म्हणाले, "लाबानाने आपल्या वाडवडिलांच्या देवाला साक्षी ठेवलं आणि याकोबाने आपल्या बापाच्या देवाला. रास मात्र एकच होती. ती मोडून दुसरी रचा, असं त्यांना कोणी सांगितलं नाही."

वृद्ध गृहस्थांनी सरकून ठकीबाईला वाट करून दिली.

तिने सूप खाली ठेवले, हात पदराला पुसला आणि दगडावर टेकला. "गावदेवीची आन. रोज सांजला हिच्या घरात दिवा लावीन, भाकर देईन, रातचा हिच्या पडवीत झोपीन. पाऊस पडून जानू येई तवर." मग ती पुढे म्हणाली, "पन हिच्या कोंबड्या माज्या वाफ्यात आल्या तर मी दगड मारनार. ते आदीच सांगते."

भागीआजींनी उत्तर द्यायचे होते. बोल दोन्ही बाजूंनी पुरा व्हावा लागतो. त्यांनी ठकीबाईकडे न पाहताच म्हटले, "मार. पन नेम धरू नको."

"आमेन" इतके मोठ्याने झाले की मांडवाच्या कडेच्या चिमण्या उडाल्या. नंतर सगळे जेवायला बसले. ठकीबाईने घरून वालाचे बिरडे आणले, आजींनी नाचणीची भाकरी मोडली, आणि दोघी एकाच ताटात जेवल्या. बिरड्यात मीठ कमी असल्यावरून पुन्हा थोडे वाजलेच.

सोमवारी सकाळी टेम्पो आला. अंथरुणे, भांडी, कोंबड्यांची टोपली, झोपेतली मुले. जानूने सवयीने पेटी उचलून टेम्पोत चढवली, मग त्याच्या लक्षात आले आणि ती उतरवून त्याने पुन्हा घरात नेली. तो आईच्या पाया पडला. धूळ खाली बसेपर्यंत आजी दारात उभ्या होत्या. मी दुपारी सरळगावमार्गे निघाले आणि घाट चढताना पेंढ्याचा वास वळणावळणाने विरळ होत गेला.

नगरला परतल्यावर मी मंडळात बोलले, पण टिपणे बाजूला ठेवली. शास्त्रातला आणखी एक करार मनातून जात नव्हता. प्राणी चिरून समोरासमोर ठेवले आहेत, देव आणि अब्राहाम या दोन्ही पक्षांनी त्यांच्या मधून चालायचे आहे, आणि अब्राहामाला गाढ झोप लागते. अंधारात देवाची खूण असलेली धुमसती भट्टी आणि जळती मशाल एकट्याच त्या वाटेने जातात. ज्याच्यासाठी करार झाला तो निजलेला आहे आणि ज्याने शब्द दिला तो एकटा चालतो आहे. मंडळातल्या एकीने विचारले, की माणसाला असे कधी जमते का?

होळीच्या सुमारास मार्थाचा फोन आला. भागीआजींना कडक ताप भरला होता. त्या डोळे उघडत नव्हत्या, कोणाला ओळखत नव्हत्या. ठकीबाईने आपले अंथरूण पडवीतून उचलून आत त्यांच्या उशाशी नेले होते. दिवसाही ती तिथून उठली नाही. तिच्या वाफ्यात आजींच्या कोंबड्या मोकाट चरत होत्या. निरोप मिळताच जानू भट्टीवरून धावत आला, तेव्हा ताप उतरू लागला होता. आता मी आईजवळ बसतो, तू घरी जा, असे तो ठकीबाईला म्हणाला. तिने आजींच्या कपाळावरची ओली घडी उलटी केली आणि त्याला सांगितले, "तू जा कामाला. पावसापर्यंत ती माजी हाय."