दारात कोण होतं?

माझी आत्या केकवर अक्षरं लिहिते. बेकरीच्या मागच्या खोलीत, डोक्याला पांढरी टोपी, हातात क्रीमचा कोन, आणि दिवसभर अनोळखी लोकांचं अभिनंदन. कुणी पास झालं, कुणी निवृत्त झालं, कुणाच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. सगळ्यांचा आनंद आधी आत्याच्या मनगटातून जातो आणि मग खोक्यात. स्वतःसाठी मात्र तिने कधी केक केला नाही. "मला गोड आवडत नाही," म्हणते. साफ खोटं. कोनात उरलेलं क्रीम कोण चाटून खातं ते मला ठाऊक आहे.

मी नोकरीच्या निमित्ताने तिच्याकडे पाचव्या मजल्यावर राहायला आले आणि तिथेच चिकटले. मी तापट, ती अघळपघळ. माझं म्हणणं, मनात आहे ते माणसाने बोलून मोकळं व्हावं. तिचं म्हणणं, घाई कसली आहे? या 'घाई कसली'पायी तिचं लग्नाचं वय कधी आलं आणि कधी गेलं ते तिलाही नीट सांगता येत नाही.

तर एका रविवारी संध्याकाळी आमची लिफ्ट बंद पडली. आत्याने तक्रार केली, कंपनीने माणूस पाठवला. उंच, मिशीवाला, कमी बोलणारा, पट्ट्याला किल्ल्यांचा जुडगा. काम आटोपून हे लिफ्टवाले सही घ्यायला वर आले. टीव्हीवर तेव्हा ती रहस्यमालिका चालू होती, जिने त्या वर्षी शहाण्यासुरत्या माणसांना वेड लावलं होतं. इन्स्पेक्टरची बायको पहिल्याच भागात नाहीशी होते, आणि संशय शेजारच्या पियानो शिकवणाऱ्या बाईवर. आत्या पेन उघडून हातात धरून पडद्याकडे बघत राहिली, आणि लिफ्टवाले दारात उभ्याउभ्या बघत राहिले. भाग संपला तेव्हा दोघं एकदम ओरडले, "पियानोच्या आत बघ की!" सही राहिलीच.

पुढच्या रविवारी आत्या म्हणाली, "लिफ्टमधून आवाज येतोय."

"कसला?"

"घर्र असा. नीट ऐक ना."

मी नीट ऐकलं. लिफ्ट मांजरीच्या पावलांनी वर-खाली करत होती. तरी हिने फोन केलाच. लिफ्टवाले आले, गच्चीवर जाऊन मोटार बघितली आणि खाली येऊन गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "आवाज आहे खरा, मॅडम. लक्ष ठेवावं लागेल." मालिका सुरू व्हायला तेवढा चहापुरताच वेळ उरला होता.

तो आवाज मग दर रविवारी येऊ लागला. आमच्या इमारतीचे सेक्रेटरी, जिन्यातल्या दिव्यांवरही पाळत ठेवणारा माणूस, पुन्हा पुन्हा लिफ्टला कान लावून बघायचे आणि चक्रावून परत जायचे. मी एकदा आत्याला सरळ विचारलं, "तुला ते आवडतात का गं?" तर म्हणाली, "कोण, इन्स्पेक्टर?" मी डोक्याला हात लावला.

आणि मालिका संपली. संपली म्हणजे काय, लोंबकळत सोडली. शेवटी इन्स्पेक्टर थकूनभागून घरी येतो. घंटी वाजवायला हात उचलतो, तोच दार आतून उघडतं. दारात कोण आहे ते दाखवतच नाहीत. दिसतो फक्त त्याचा चेहरा: आधी दचकलेला, आणि मग हळूहळू हसणारा. पडदा काळा. खेळ खल्लास.

"बायको परत आली!" आत्याने टाळी वाजवली.

"पियानोवाली आहे ती," लिफ्टवाले म्हणाले. "पिस्तूल घेऊन उभी."

"मग हा हसतो कशाला?"

"खुनी शेवटी सापडला म्हणून."

"काहीतरीच! माणूस असा फक्त आपल्या माणसाकडे बघून हसतो."

"मॅडम, कडीचा आवाज आला नाही. दार नुसतं लोटलेलं होतं. घरचं माणूस कडी लावून बसतं, दबा धरणारं कडी लावत नाही. माझा जन्म दारं उघडण्यात गेलाय."

मालिका नसली तरी आता भांडण होतं. पुढच्या रविवारी ते 'आवाज बघायला' आले आणि शेवटच्या दृश्यातल्या पायपुसण्यावरून भांडले. त्याच्या पुढच्या रविवारी भिंतीवरच्या सावलीवरून. आत्या आठवडाभर मुद्दे जमवायची, क्रीम फेटताना पुटपुटायची, शनिवारी केस धुवायची. मला हसू आवरेना. इतकी चढ्या आवाजात आनंदी झालेली आत्या मी आधी पाहिली नव्हती.

मग ती बातमी आली. मालिकेचा दिग्दर्शक रविवारी संध्याकाळी मुलाखतीत स्वतः सांगणार होता की दारात कोण होतं.

सगळी इमारत खूश. आत्याचा चेहरा पडला. दुसऱ्याच दिवशी तिने कुणाच्या तरी निवृत्तीच्या केकवर, 'पुढील आयुष्यास शुभेच्छा' लिहायचं ते सोडून, गुलाबी क्रीमने वळणदार लिहिलं: 'दारात कोण होतं?' बेकरीचे मालक तिच्यावर कडाडले. गिऱ्हाईक मात्र केक बघून टुणकन उडालं. "बायकोच होती हो! राहू द्या, हाच द्या!" एरवी आत्या हे सांगताना हसून लोळली असती. त्या दिवशी तिने ते बातमी वाचल्यासारखं सांगितलं.

"एवढं काय झालंय तुला?" मी विचारलं.

"उत्तर कळलं की संपलं ना सगळं," ती म्हणाली. "मग ते कशाला येतील गं?"

पहिल्यांदाच तिने ते तोंडाने म्हटलं. मी म्हटलं, मग सांग त्यांना तसं, आवाजाचं सोंग पुरे झालं. तर काय म्हणाली असेल? घाई कसली आहे.

रविवारी आमच्याकडे गर्दी, कारण आमचा टीव्ही मोठा. सेक्रेटरी सगळ्यांत पुढे, मांडी ठोकून. लिफ्टवाले जरा वेळ कोपऱ्यात उभे राहिले, मग "मोटार बघून येतो" म्हणून सटकले. आत्याने रिमोट पिठाच्या डब्यात लपवला होता, पण सेक्रेटरींनी टीव्हीच्या मागचं बटण शोधून काढलं. मुलाखत सुरू झाली. दिग्दर्शक पाणी प्यायला. आत्या उठली, ॲप्रनसकट बाहेर पडली आणि लिफ्टमध्ये शिरली. हिचं काहीतरी शिजतंय हे ओळखून मीही धावत जाऊन आत घुसले.

"कुठे निघालीस?"

"हवा खायला."

लिफ्ट खाली निघाली. चौथा, तिसरा, दुसरा. आणि धाडकन धक्का बसून थांबली. दिवा गेला. मिट्ट काळोख.

"अगं," काळोखात आत्या म्हणाली, "मी तर अजून काही केलंच नाही!"

"म्हणजे काय करणार होतीस?"

"खाली जाऊन मेन स्विच पाडणार होते."

मला असं हसू फुटलं की मी लिफ्टच्या भिंतीला टेकले. केकवर मुंगी चढली तरी जिचा जीव वरखाली होतो, ती बाई अख्ख्या इमारतीचा काळोख करायला निघाली होती! पण मग मेन पाडला कोणी?

बाहेर पावलं वाजली. धापा टाकत कुणीतरी जिना चढून वर येत होतं.

"आत कोण आहे?"

"आम्ही!"

"मॅडम?" आवाज पार चिरकला. "तुम्ही आत आहात? घाबरू नका. अजिबात घाबरू नका. मी आहे." किल्ल्यांचा जुडगा खाली पडला, पुन्हा उचलला, पुन्हा पडला. ज्याचा जन्म दारं उघडण्यात गेला होता, त्याला किल्ली लागेना.

शेवटी दार सरकलं. लिफ्ट पहिल्या मजल्याच्या जरा वर अडकली होती, त्यामुळे समोर, आमच्या गुडघ्यांच्या उंचीवर, हातातल्या बॅटरीच्या उजेडात फक्त त्यांचा चेहरा दिसत होता. आधी दचकलेला, पांढराफटक. मग त्यांनी आत्याकडे बघितलं, ती धड आहे हे बघितलं, आणि तो चेहरा हळूहळू हसायला लागला.

हे मी आधी पाहिलं होतं, याच इमारतीत, पाचव्या मजल्यावर, मोठ्या टीव्हीवर.

आत्यानेही पाहिलं होतं.

"तुम्ही लिफ्टमध्ये कशाला आलात?" त्यांनी विचारलं.

"मेन पाडायला निघाले होते."

"तो मी पाडला."

"का?"

"तुम्ही का पाडणार होतात?"

माझा संयम संपला. "बोला की आता कुणीतरी! का सकाळपर्यंत इथेच उभी राहू?"

तेवढ्यात वरून, जिन्याच्या कठड्यावर ओणवे होऊन, सेक्रेटरी ओरडले, "अहो, मोबाईलवर लागलंय! सांगितलं त्याने! दारात—"

"नको!" दोघं इतक्या जोरात ओरडले की जिना दणाणला. सेक्रेटरी आयुष्यात पहिल्यांदा वाक्य अर्धं टाकून घरात गेले.

लिफ्टवाल्यांनी बॅटरी खाली केली. "मॅडम, बायकोच होती ती."

"काय?"

"तुम्ही शेवटच्या भागाच्या दिवशी म्हणालात ना, माणूस असा आपल्याच माणसाकडे बघून हसतो, मला तेव्हाच पटलं होतं. पण हो म्हटलं असतं तर वाद तिथेच मिटला असता. मग मी कुठल्या तोंडाने आलो असतो?"

मला वाटलं, आता ही रडणार. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं होतं, इतका आनंद झाला होता, आणि मी अशा गोष्टींवर रडणारी नव्हे. आत्याने ॲप्रन सारखा केला, टोपी नव्हती तरी ती असल्यासारखी चाचपली आणि घसा खाकरला.

"छे," ती म्हणाली. "मीही विचार केलाय त्यावर. बायको नव्हतीच. पियानोवालीच होती ती."

"अहो, पण तो चेहरा..."

"चेहऱ्याचं मला काय सांगता? पुढच्या रविवारी या आणि पटवून द्या." मग जरा थांबून, हळू आवाजात, "आणि लिफ्टला काही आवाज येत नाही. कधीच येत नव्हता. तसेच या."

त्यांनी हात वर केला. तो धरून ती उतरली, ॲप्रन सावरत, नीट, एकेक पाय. दोन्ही पाय जमिनीला लागले, मी मागून उडी मारून उतरले, वर सगळी इमारत दिव्यांसाठी बोंब मारायला लागली. हात सोडायची मात्र आत्याला काही घाई नव्हती.