पाचवी पणती

सासूबाईंनी माझ्या आईचं नाव चारचौघांत मोलकरणीचं ठरवलं, तेव्हा मला सातवा महिना होता आणि हातात लुचींचं, म्हणजे बंगाली पुऱ्यांचं, ताट होतं. दोन हजार सोळाचा हिवाळा, टोरोंटोतला आमचा काँडो, शनिवारचे बंगाली पाहुणे. मुलगी होणार हे कळलं होतं, आणि तिला माझ्या वारलेल्या आईचं नाव द्यायचं हे मी आणि नवऱ्याने ठरवलं होतं.

"ऐसा नाम तो हमारा उधर बासन माजनेवाली का होता है," सासूबाई हसत म्हणाल्या. "हमारा पोती का नाम असली, पुराना बंगाली होगा. बर्गी लोग नाम का क्या जाने!"

बर्गी म्हणजे बंगालवर चालून गेलेले मराठे. मी नागपूरची, म्हणजे थेट त्यांच्याच गावची. पाहुणे हसले. नवरा लुचीकडे बघत बसला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. असली आणि पुराना हवंय ना? म्हटलं, दाखवतेच.

मॅटर्निटी लीव्ह सुरू झाली तशी मी बंगाली अक्षरं गिरवायला घेतली. युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीतून जुन्या बायकांच्या आठवणींची पुस्तकं आणली. बाळ लाथा मारायचं आणि मी नावं हुडकायचे. सासूबाईंनी तीन नावं काढली होती. 'आमच्या पणजीच्या वेळची' म्हणून त्या ती मिरवायच्या. मला ती एकाही जुन्या पुस्तकात भेटली नाहीत. त्या काळच्या बायका कुणी सुंदरी, कुणी मोहिनी, कुणी दासी. आणि मुलीच मुली झालेल्या घरात पुढचीचं नाव आन्नाकाली. म्हणजे, कालीमाते, आता आणखी नको. आमच्याकडची नकुशी, दुसरं काय.

पुस्तकांवर भागेना म्हणून तिकडे लव्हाल गावी राहणाऱ्या नवऱ्याच्या म्हाताऱ्या आत्याला फोन केला. तिच्या आईच्या पिढीतली नावं विचारली. ती भराभरा सांगत गेली आणि मध्येच खुदकन हसली. म्हणाली, तुझी सासू चौथी मुलगी. शाळेत घालताना मास्तरांनी तिला आत्ताचं गोड नाव दिलं. त्याआधी ती आन्नाकालीच. लग्नात तिच्या आईच्या तोंडून निघून गेलं, म्हणून आम्हाला कळलं.

मी फोन ठेवला आणि चहात साखर जास्तच घातली.

मुलगी सात महिन्यांची झाली तेव्हा तिचा उष्टावणाचा कार्यक्रम केला. सासूबाईंच्या घराण्यात बाळाचं नाव त्याच दिवशी ठरतं, आणि सुचवलेलं एकेक नाव एकेका पणतीला देतात. जी पणती शेवटपर्यंत जळेल, तिचं नाव बाळाला. स्मोक अलार्मला शॉवर कॅप घालून झाली होती, पाहुणे हॉलमध्ये बूट काढत होते. किचनच्या ओट्यावर सासूबाईंनी चार पणत्या मांडल्या. त्यांच्या तीन तेलाने काठोकाठ. माझ्या आईच्या नावाची चौथी, तिच्यात जेमतेम वात भिजेल एवढं तेल.

मी शेजारी पाचवी पणती ठेवली.

"ये किसका?"

"असली, पुराना," मी म्हटलं, आणि त्यांच्या कानात ते नाव सांगितलं. "सबके सामने बोलूँ?"

त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं रडतील. मला ते चाललं असतं.

"तुम ये नाम ढूँढने में कितना मेहनत किया," त्या म्हणाल्या. "जो लोग रखा था, वो लोग तो एक मिनट नहीं सोचा."

मग त्यांनी मोहरीच्या तेलाची बाटली उचलली आणि चौथी पणती स्वतःच्या हाताने भरली. नंतर माझ्याकडे न बघता आपल्या तिन्ही पणत्यांतलं तेल निम्मं करून टाकलं.

पाचवी मी न पेटवताच कपाटात ठेवली. फेकली मात्र नाही.

हॉलमध्ये एकेक पणती विझत गेली, आईची राहिली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनीही वाजवल्या.

आता त्या दिवसभर माझ्या आईचं नाव घेतात. भरवताना, न्हाऊ घालताना, कौतुकाने, ओरडून. मी किचनमधून ऐकते. मुलगी खेळात असली की एका हाकेत वळत नाही. मी तिला कधीच 'आजी बोलावतेय' म्हणून सांगत नाही. त्यांना पुन्हा हाक मारावी लागते.