मधल्या फुलीपाशी दादा

भुताच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी नक्कल करतो, विश्वास नाई ठेवत. आमच्या गल्लीतले एक काका चकव्याची गोष्ट सांगताना डोळे कसे फिरवते, ते करून दाखवलं की लग्नघरी लोक हसून-हसून हातातला घास खाली ठेवते. म्हणून हे लिहायले माझी मलेच लाज वाटून राह्यली... तरी लिहितो.

मी आदिलाबादचा. प्लॉटिंगवाल्या एका शेटकडं ड्रोन उडवतो. शेत घेतलं की त्याचा वरून नकाशा बनवायचा, त्यावर रस्ते-प्लॉट आखायचे, अन् गिऱ्हाइकाले मोबाइलवर दाखवायचं — "सर, ये आपका कॉर्नर प्लॉट!" त्याच्यासाठी आधी जमिनीवर चुन्याच्या मोठ्या फुल्या मारा लागते, म्हणजे नकाशा बराबर जागेवर बसते. मग ड्रोन वरून ढीगभर फोटो काढते, कॉम्प्युटर ते जोडते.

फुल्या मारायचा माझा मोठा भाऊ, संजूदादा. फुली मारून बाजूले पळायचं सोडून हा तिथंच उकिडवा बसे, डोक्यावर पिवळा दुपट्टा.

"दादा, हट ना बे! नकाशात येशीन!"

"येऊ दे," तो म्हणे. "प्लॉट तं आपल्याच्यानं होत नाई, फोटो तरी राहू दे."

मागच्या पावसाळ्यात दादा बेज्जूरकडं एका कामाले गेला. त्याची गाडी प्राणहितेच्या काठावर सापडली. दादा नाई सापडला. नाववाल्यांनी नदी धुंडली, पोलिसांनी जंगल पाह्यलं... काईच नाई. आई अजून तीन ताटं वाढते.

दिवाळीनंतर जैनद रोडले शेटनं नवं शेत घेतलं. कापसाची पराटी उपटलेली काळी जमीन, झाड नाई, माणूस नाई. दादानं तिथं कधी पाय नव्हता ठेवला. फुल्या मीच मारल्या, भर दुपारी ड्रोन उडवला. ऑफिसात नकाशा जोडून झाला, झूम केलं —

मधल्या फुलीपाशी कोणीतरी उकिडवं बसलेलं. पिवळा दुपट्टा.

शेट मागून म्हणे, "कौन है रे ये? गिऱ्हाइक पूछेगा. निकाल इसको." मग माझ्या तोंडाकडं पाहून, "क्या रे, आज मिमिक्री बंद?"

मी एक-एक सुटा फोटो पाह्यला. एकातबी तो नव्हता. जोडले की होता.

आईले दाखवलं. ती मोबाइल डोळ्याजवळ नेऊन म्हणे, "बारीक झाला."

"आई, वरून नुसता दुपट्टा दिसते."

"मले दिसते ना. तू वरून काऊन पाहून राह्यला? जवळ जाऊन बस त्याच्या."

गेलो. ड्रोन आपोआप उडन असा ऑटो-मोडवर टाकला अन् मधल्या फुलीपाशी बसलो — लाल टी-शर्ट, डोकं उघडं. बाजूची जागा हातानं चाचपली. नुसती माती, गरम. दादाची नक्कल मले सगळ्यात चांगली जमे. म्हटलं बोलून पाहू — "येऊ दे, फोटो तरी राहू दे..." आवाज माझाच निघाला. ड्रोन उतरेपर्यंत हाललो नाई.

सुट्या फोटोंत मीच होतो, एकटा. जोडले तं दादा. मी कुठंच नाई.

शेट भडकला होता, ब्रोशर छापायले चाललं होतं. "आज के आज साफ कर, नहीं तो दूसरा देखता हूँ." घरात कमावणारा मी एकटाच. नकाशातली बाजूची काळी माती कॉपी केली अन् दादावर टाकली... माझ्याच हातानं.

नंतर दोन-चारदा उडवला. तिथंच बसून, तसाच. दरवेळी जोडलेल्या नकाशातबी लाल टी-शर्टवाला मीच दिसलो. आता तं त्या फुलीवरून डांबर गेलं.

सॉफ्टवेअरवाले म्हणते, जोडण्यातली गडबड असन. असन. पण तो आला कसा ते मले समजत नाई, अन् मी पुसल्यावर काऊन गेला तेबी नाई.

दादाले नकाशातून पुसून टाकल्याचं आईले नाई सांगितलं. संध्याकाळी आलो की ती विचारते, "उडवला? होता का?"

"होता."

"काई बोलला?"

मग मी दादाचा आवाज काढतो. तो आता बराबर निघते.