हौसाबाईंचं विरजण

आमच्या दवाखान्यात केसपेपर कपाटात जातात आणि किस्से माझ्या डोक्यात. कपाट अधूनमधून रिकामं करता येतं, एवढाच फरक. मलकापूरच्या या बायकांच्या दवाखान्यात मी नंबर लावते, त्याला अठरा वर्षं झाली. इथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही, असं डॉक्टर मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलंय, म्हणून नावं बदलून सांगते. या किश्श्यातल्या हौसाबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "माझं खरंच घाल की, मला काय भ्या हाय?" तरी बदललंय.

*

अंगावरून पांढरं जातं, खाज सुटते, वास येतो, हे सांगायचं म्हणजे बायकांच्या जिवावर येतं. पायरीवर दहा मिनिटं जातात, मग आत.

कराडजवळच्या एका खेड्यातल्या शांताबाई आत आल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, तरास मला न्हाई. माझ्या शेजारणीला हाय."

मॅडमनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग पडदा सरकवला. "बरं. शेजारणीला इथं झोपायला सांगा."

शांताबाई चपला काढून टेबलावर चढल्या.

*

पंधरा दिवसांनी त्या बऱ्या होऊन परत आल्या. सोबत दोघीजणी. दारातूनच मला म्हणाल्या, "काकू, या बारीला खरी शेजारीण आणलीया."

खरी शेजारीण म्हणजे हौसाबाई, आणि त्यांची सून अनिता. अनिताच्या लग्नाला चार वर्षं झालेली, मूल नाही, आणि शांताबाईंसारखाच त्रास तिलाही. नवरा संतोष फौजेत. तो महिन्याच्या सुट्टीवर यायचा, जायचा, आणि पुढच्या सुट्टीपर्यंत गावातल्या बायका अनिताच्या पोटाकडे बघायच्या. या सुट्टीतलेही आठ दिवस संपले होते. आत बसल्यावर ती पोर मान खाली घालून साडीचा पदर पिळत होती.

मॅडमनी विचारलं, "धुता कशानं?"

उत्तर हौसाबाईंनी दिलं, अगदी अभिमानानं. "त्याची काळजीच नगं. म्हशीची कास धुवायची जांभळी पूड हाय न्हवं, त्याच पाण्यानं. रोज, पार आतनं. आमच्या दुधाला कवा वास आला न्हाई, मॅडम."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "हौसाबाई, म्हैस आतून धुता का?"

"न्हाई बा."

"मग सुनेला का?"

*

मॅडम समजावतात तेव्हा मीही फाईल हातात धरून ऐकत उभी राहते. कितीदा ऐकलं तरी मला ते नवलाचंच वाटतं. म्हणाल्या, "दुधाचं दही कशानं लागतं? विरजणातल्या चांगल्या जंतूंनी. तसेच जंतू बाईच्या अंगात असतात. ते तिथं आंबटपणा राखतात, म्हणून वाईट जंतूंना थारा मिळत नाही. तुम्ही रोज धुऊन त्या राखणदारांनाच हाकलताय. मग वाईट जंतू माजतात. कधीकधी ते वर पिशवीपर्यंत, नळ्यांपर्यंत जातात आणि दिवस राहायला अडचण होते."

अनितानं पहिल्यांदा मान वर केली. "म्हणजे यामुळंच राहिलं नाही?"

"यामुळंच, असं मी आज म्हणणार नाही. आधी हे बरं करू. नळ्या बघू. नवऱ्यालाही तपासू. पण दोष तुझा आहे, असं कुणी म्हणालं तर माझ्याकडं पाठव."

ती इतकं रडली की मला माझा रुमाल द्यावा लागला. तो तिनं नंतर धुऊन, इस्त्री करून परत आणला. मी म्हटलं, "बाई गं, कुठल्या पाण्यानं धुतलास?" तेव्हा ती पहिल्यांदा हसली.

*

दुसऱ्याच दिवशी हौसाबाई एकट्या हजर. हातात स्टीलचा डबा.

"मॅडम, आमचं विरजण. माझ्या सासूच्या येळंपासनं मोडलं न्हाई. घराबाहेर थेंब दिला न्हाई कवा. ही शांता पंधरा वर्सं मागतीया, तिला बी न्हाई. दिलं की घरचं दही मोडतंय. पर सुनंसाठी आणलंय. काय लावायचं ते लावा."

मॅडमना हसू आवरेना. "हे ताटात वाढायचं, हौसाबाई. तिथं काही लावायचं नाही. औषध दिलंय, ते पुरं करू दे, आणि आतून धुणं बंद. बाकी शरीर बघून घेतं."

हौसाबाईंनी डबा टेबलावर ठेवला. "एवढं शिकून तुमी सांगताय काय, तर काय करू नगा."

ते दही आम्ही दुपारी भाकरीबरोबर खाल्लं. तेव्हापासून हौसाबाई आल्या की आमच्या जेवणासाठी दह्याचा डबा असायचाच.

*

संतोष तपासणीला आला. बायकांच्या बाकावर पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. मी नाव पुकारलं, तसा खाडकन उभा राहिला. "हजर."

सगळ्या बाकानं तोंडाला पदर लावले.

रिपोर्ट चांगला आला. मला वाटलं, आता हा गावभर मिरवणार. त्यानं कागदाची घडी करून खिशात घातली आणि आईला एवढंच म्हणाला, "आये, आता अनिताला कोण काय बोललं, तर आधी माझ्याशी बोलायचं."

पुढच्या आठवड्यात त्याच्या गावचे तिघे गडी बायकांबरोबर तपासणीला आले. आजवर बायकोला फाटकाशी सोडून पळणारे. मी विचारलं, "कुणी पाठवलं?"

"संत्या म्हणला, बिनधास्त जा. काकू चहा देत्यात."

मी कधीच चहा दिला नव्हता. आता द्यावा लागतो.

*

संतोष परत ड्युटीवर गेला. त्या सुट्टीत काही झालं नाही. अनिताचं दुखणं मात्र बरं झालं, नळ्याही मोकळ्या निघाल्या.

मधल्या काळात मॅडम हौसाबाईंच्या गावात हळदीकुंकवाला बोलायला गेल्या. तक्ता लावला, चित्रं दाखवली. चाळीस बायका, कुणाचं तोंड उघडेना. शेवटी हौसाबाई उठल्या. "लाजताय कशाला गं? दही समद्यांच्याच घरात हाय." आणि त्यांनी सगळं सांगितलं. राखणदार, आंबटपणा, जांभळी पूड, काही सोडलं नाही.

मागून एकीनं विचारलं, "म्हशीचं दही का गाईचं?"

"तुझ्या नवऱ्याला इचार," हौसाबाई म्हणाल्या, "आणि त्याला तपासायला बी आण."

*

संतोषची पुढची सुट्टी आली आणि गेली. त्यानंतर महिन्याभरानं तिघी पुन्हा आल्या, हौसाबाई, अनिता आणि शांताबाई. शांताबाई बाहेर बाकावर बसल्या.

आत मॅडमनी रिपोर्ट दोनदा पाहिला आणि अनिताकडं बघून हसून मान डोलावली. हौसाबाईंनी आधी सुनेची अलाबला घेतली. मग आम्हा दोघींना बोट दाखवलं. "तिसरा म्हैना सरस्तवर तोंडातनं शब्द काढायचा न्हाई. कुणाम्होरं बी न्हाई."

चेहरा कोरा करून त्या बाहेर गेल्या. शांताबाई टपूनच होत्या. "काय म्हणाल्या गं मॅडम?"

"काय न्हाई. पोरीला पित्त झालंय."

असं म्हणून त्यांनी पिशवीतून आमच्या जेवणाचा डबा काढला आणि शांताबाईंच्या मांडीवर ठेवला.

"घे. विरजण. सांडू नगंस."

शांताबाईंनी डबा उघडून बघितला, मग हौसाबाईंकडं, मग अनिताकडं. झाकण हळूच लावलं.

"लय मोठं पित्त दिसतंय," त्या म्हणाल्या.