दुसरं टोक

पट्टीचुंबकांची जोडी पेटीत ठेवताना आबा उत्तर टोकाशेजारी दक्षिण टोक घालायचे, दोन्हीकडं लोखंडाचे तुकडे लावायचे आणि म्हणायचे, "एकट्याला करमत न्हाय." बारामतीच्या आमच्या हायस्कुलात ते प्रयोगशाळेचे शिपाई. बायको निमगाव केतकीला. शनिवारी घरी जायचे, सोमवारी पहिल्या गाडीनं हजर. मी विज्ञान शिकवायचो. वय पंचविशीचं, आणि अक्कल माझ्या मते साठीची.

एकदा त्यांच्या हातून चुंबक फरशीवर पडला आणि नेमका लाल रंग संपतो तिथंच मोडला. दुसरा कुणी घाबरला असता, हे हरखले. लाल तुकड्यात आता नुसतं उत्तर टोक उरलं, अशी त्यांची खात्री. मी होकायंत्राजवळ धरून दाखवलं, मोडक्या बाजूला नवं दक्षिण टोक तयार! त्यांनी हातोडीनं तुकड्याचे आणखी दोन केले. प्रत्येकाला पुन्हा दोन टोकं.

"पर गुरुजी, हे दुसरं टोक येतं कुठनं?"

मला नीट सांगता येईना. तोडत तोडत गेलं तर कधी एकटं टोक घावंल का, हे मग रोजचंच झालं. शेवटी भर वर्गात मी खेकसलो, की असलं काही नसतं, पुस्तकात स्पष्ट लिहिलंय. मुलं खो खो हसली.

"घावलं न्हाय म्हंजी नसतंच, आसं व्हय?" आबा म्हणाले. त्यानंतर त्यांनी मला काही विचारलं नाही. जळो माझा तो तोरा.

उन्हाळ्यात पुण्याला शिक्षकांच्या वर्गाला गेलो. तिथं एका वृद्ध प्राध्यापकांना हा प्रश्न विचारला, तोही माझाच म्हणून. ते म्हणाले, एकटं टोक अजून कुणाला सापडलेलं नाही. पण गणित त्याला आडकाठी करत नाही. असूही शकेल. कधी एकदा आबांना सांगतो असं मला झालं.

शाळा उघडली, आबा आले नाहीत. रविवारी निमगावला गेलो. ते वैशाखातच वारले होते. त्यांच्या बायकोनं एक चंची पुढं ठेवली. आत चुंबकाचे तुकडे, हरभऱ्याएवढे, त्याहून बारीक, एकमेकांना चिकटलेले. एक कण तेवढा वेगळ्या पुडीत बांधलेला. सुट्टीत ते हेच फोडत बसायचे म्हणे.

"मावशी, आबांचं बरोबर होतं," मी म्हटलं. "मीच चुकलो."

"मला सांगून काय आता," त्या म्हणाल्या. "त्येंला सांगायचं हुतं."

चंची त्यांनी मलाच दिली. तिच्यातले सगळे तुकडे मी तपासले, प्रत्येकाला दोन टोकं. पुडीतला तो कण मात्र मी आजवर होकायंत्राजवळ नेलेला नाही.