शोकेसमधला रंधा

देवासमधले आमचे शेजारी जुन्या वस्तूंचे जाणकार म्हणून मिरवतात. त्यांच्याकडचा शिसवी रंधा धार गावच्या भंगारातून हुडकून दिला मी, हातात चपखल बसणारा. यांनी वार्निश फासून तो शोकेसमध्ये ठेवला. खंडेनवमीला त्याला हळदकुंकू वाहतात, लाकडाला कधी लावत नाहीत.

पावसाळ्यात त्यांच्या न्हाणीचं दार फुगलं. वहिनी रोज खांद्याने ढकलायच्या.

“रंधा द्या, कड तासतो,” मी म्हणालो.

“नको भिया, पॉलिश खराब हो जाएगी!” शेजारी म्हणाले.

“मग सुतार बोलवा.”

“घरात रंधा असताना?”

परवा दार एकदम सुटलं. वहिनी पडल्या, मनगट मोडलं. भेटायला आलेल्यांना हे गृहस्थ रंधा दाखवत बसले.

“घरचं सुतारकाम तुम्हीच करता?” एकाने विचारलं.

“और क्या!”

प्लास्टरमधला हात सावरत वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या ‘और क्या’ला मीही मान डोलावली, तेवढं लिहून ठेवतो.